अध्यक्षीय भाषणानंतर

हातात माइक आला की आमच्या ह्यांचं वय पंधरा वर्षांनी कमी होतं, हे मध्य प्रदेशातल्या या देवासच्या मराठी समाजात सगळ्यांना ठाऊक आहे. गणपतीचे दहा दिवस, कोजागिरी, कोणाची एकसष्टी, कोणाचा निरोप समारंभ, काहीही असो, सूत्रसंचालन अशोकरावांचं. नोटांच्या कारखान्यात सगळी नोकरी झाली, तिथे बोलायचं काम नव्हतं. निवृत्त झाल्यावर साठलेलं सगळं बाहेर पडायला लागलं, असं मी म्हणायची आणि हे हसायचे. हल्ली मी ती थट्टा करत नाही.

शाळा आमच्या घरासमोरच आहे. आहे म्हणजे इमारत आहे. सरकारी प्राथमिक शाळा, तीन खोल्या, पुढे लांबरुंद अंगण आणि अंगणात कडुनिंब. त्याच अंगणात आमच्या समाजाचा गणपती बसतो, म्हणून आम्ही सगळे तिला ‘आपली शाळा’ म्हणतो. खरं सांगायचं तर समाजातलं एकही मूल तिथे शिकत नव्हतं. आमचा शंतनूसुद्धा नाही शिकला. त्याला न्यायला इंग्रजी शाळेची पिवळी बस कोपऱ्यावर यायची आणि तो समोरच्या शाळेतल्या पोरांकडे खिडकीतून बघत निघून जायचा. आता तो पुण्यात आहे आणि फोनवर ‘आपल्या शाळेचं काय झालं’ असं विचारतो. मी म्हणते, बाबा रे, तुझी कधी होती?

पण ह्यांचं तसं नव्हतं, तेवढं मी कबूल करते. ह्यांचा जीव होता त्या शाळेवर. नळ गळायला लागला की पान्हा घेऊन हे हजर. फळ्याला रंग ह्यांनी दिला, पंखा ह्यांनी समाजाकडे भांडून बसवून घेतला, आणि दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर मुलांना गोष्ट सांगायला हे ठरलेले. त्या गोष्टींना पहिल्या रांगेत एक मुलगी बसायची, तिसरीतली. इतकी बडबडी की ह्यांनी तिचं नावच चिऊ ठेवलं. तिची आईही मग तिला चिऊच म्हणायला लागली.

तिची आई म्हणजे कमल. मागच्या वस्तीत राहते, एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला जाते. नवरा पीथमपूरला कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी येतो. सरकारी शाळांमध्ये पालकांची एक समिती असते, तिची कमल अध्यक्ष होती. आमच्याकडे अध्यक्ष म्हटलं की शाल पांघरलेला पुरुष डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे हिला कोणी अध्यक्ष मानतच नव्हतं. मुख्याध्यापिका इरावती तेवढी मानायची. इरावती आमच्यातलीच, वयाने आमच्या शंतनूएवढी, आम्हाला काका-काकू म्हणते.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस इरावती आमच्या ओसरीवर येऊन बसली आणि तिने बातमी सांगितली. ज्या शाळांत मुलं फार कमी उरली आहेत, त्या जवळच्या मोठ्या शाळेत मिळवून टाकायच्या, असं वरून ठरलं होतं. आमच्या शाळेत मुलं वीसच्या आत. मोठी शाळा बायपासच्या पलीकडे. शाळा चांगलीच आहे हो, तिला नावं ठेवायला जागा नाही. प्रयोगशाळा आहे, खेळाचं मैदान आहे, बससुद्धा आहे. पण बस लांबच्या मुलांसाठी. आमची वस्ती नकाशावर जवळ पडते, म्हणून तिला बस नाही. आणि मधे तो रस्ता, रात्रंदिवस ट्रक धावतात, ना सिग्नल ना पूल.

"लेकीन अजून पक्कं नाही काका," इरावती म्हणाली. "शिक्षण खात्याचे साहेब इथे येऊन आधी पालकांचं ऐकणार आहेत. मुलं वाढणार असतील, तर शाळा ठेवता येते."

मुलं कुठून वाढणार, हा आमच्यापुढे प्रश्न होता. कमलपुढे नव्हता. ती दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळी मला सार्वजनिक नळाजवळ भेटली.

"भाबी, छोरो तो चल्यो जायगो उत्ती दूर," ती म्हणाली. "छोरी ने कुण भेजेगो वो रोड पार? म्हारी चिऊ तो घर बैठ जायगी. म्हारे भी ऐसे ही बिठायो थो."

तिलाही लहानपणी असंच शाळेतून काढून घरी बसवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मग तिने सांगितलं की ती वीटभट्टीवर जाऊन आली. आमच्या वस्तीच्या टोकाला भट्टी आहे, तिथे कुक्षीकडून कामाला आलेली कुटुंबं भट्टी बंद असते तेव्हा पावसाळ्यातही झोपड्या करून राहतात, मिळेल ती मजुरी करतात. त्यांची मुलं कुठल्याच शाळेत नाहीत, दिवसभर विटांच्या रांगांतून हिंडत असतात. कमल संध्याकाळी कामावरून आली की रोज तिकडे जायची, एकेका बाईपाशी बसायची. आधी त्या हसल्या, मग त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या की शाळा इथेच, चालत जाण्याजोगी असेल, तर आम्ही घालतो. पण सरकारी माणसासमोर तू बोल, आम्हाला बोलता येत नाही. कमल म्हणाली, मी बोलते, तुम्ही मुलं घेऊन फक्त येऊन बसा, साहेबांना दिसू द्या.

एवढंच करायचं होतं. साहेबांनी यायचं, कमलने उठायचं, मागे बसलेल्या बायांकडे बोट दाखवायचं आणि दोन वाक्यं बोलायची.

मी घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. हे खूष झाले. "वा, कमलबेन तर कमालच आहे," म्हणाले आणि तेव्हाच स्कूटर काढून नारायणरावांकडे गेले. तिथून सगळं बिघडलं.

नारायणराव आमच्या समाजाचे अध्यक्ष. आम्ही कारखान्याच्या नोकरीसाठी नाशिकहून आलेली माणसं. नारायणरावांचे खापरपणजोबा दरबारात कारभारी होते. देवासला पूर्वी दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. ती जाऊन इतकी वर्षं लोटली, तरी नारायणरावांच्या बोलण्यात अजून धाकट्या पातीचा दिवाणखाना असतो. माणूस वाईट नाही. कोणाच्या घरी मयत झाली तर सगळ्यांत आधी पोचतात. पण एखादी गोष्ट रीतीने झाली नाही, तर ती झालीच नाही असं त्यांना वाटतं.

"साहेब येताहेत तर सत्कार व्हायला हवा," ते म्हणाले. "घरी आलेल्या माणसाला काय रित्या हाताने वाटेला लावायचं? धारच्या मंडळींनी असाच एका साहेबांचा सत्कार केला, तर त्यांच्या हॉलवर सरकारकडून नवे पत्रे बसले. आपण काय त्यांच्यापेक्षा कमी आहोत?"

धारचं नाव निघालं की आमच्या लोकांना भान राहत नाही. बघता बघता कार्यक्रम उभा राहिला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, मानपत्र, पालकांचं मनोगत, अध्यक्षीय भाषण, आभार, अल्पोपाहार. ह्यांनी रात्री जेवताना मला सगळं म्हणून दाखवलं. कमलला पाच मिनिटं ठेवली होती, मानपत्रानंतर आणि अध्यक्षांच्या आधी.

इरावती धावत आली. "काका, हा कार्यक्रम नाहीये, सुनावणी आहे. साहेब ऐकायला येताहेत. त्यांना ऐकू द्या ना. सत्कार नको."

"अगं, माणूस प्रसन्न असला की नीट ऐकतो," हे म्हणाले. "तू नको टेंशन घेऊस. कमलबेनचं नाव आहे त्यात."

इरावतीने माझ्याकडे बघितलं. ती सरकारी नोकर, वरिष्ठांच्या कार्यक्रमात तिने मधे पडायचं म्हणजे पंचाईत. मी म्हटलं, "ह्यांना सांगून काही उपयोग नाही, ह्यांनी कुर्ता इस्त्रीला दिलाय." आम्ही दोघी हसलोही. आता ते हसू आठवलं की राग येतो, माझा मलाच.

त्या दिवशी शाळेचं अंगण काय सजलं होतं. तोरणं, रांगोळ्या, मांडवाला झालर. पुढच्या खुर्च्यांवर समाजाची मंडळी, बायका काठपदराच्या साड्या नेसून, पुरुष जाकिटं घालून. ज्यांनी शाळेचा उंबरा कधी ओलांडला नाही, तेही आले होते. शाळेची मुलं दोन्ही बाजूंना उभी, हातात फुलं. आणि सगळ्यांत मागे, सतरंजीवर, भट्टीवरच्या बाया. कामाचा खाडा करून आल्या होत्या. धुतलेली लुगडी, डोक्यावर पदर, मुलांचे केस तेल लावून चप्प बसवलेले. आमच्यातल्या कोणीतरी मला विचारलं, "ह्या जेवणाला आल्यात का गं?" मी म्हटलं, "नाही, ह्या शाळेला आल्यात." तिला काही कळलं नाही.

कमल सतरंजीच्या कडेला बसली होती. निळी साडी, केस घट्ट विंचरलेले, ओठ हलत होते. पाठ करत असावी. चिऊ तिच्या मांडीला टेकून.

साहेब वेळेवर आले, ह्याचंच आम्हाला आश्चर्य. कुक्षीहून नुकतेच बदलून आलेले, तरुण, हसतमुख. मांडव बघून ते जरा गोंधळले, पण नारायणरावांनी हाताला धरून मंचावर नेलं आणि ह्यांनी माइक हातात घेतला.

मी स्वयंपाकाच्या खोलीत बटाटेवड्यांपाशी होते, तरी दारातून सगळं दिसत होतं. समई वाऱ्याने लागेना. मग स्वागतगीत झालं, सगळी कडवी. मग प्रास्ताविकात ह्यांनी गणपतीपासून सुरुवात केली, की या वास्तूत किती वर्षं उत्सव होतो, या वास्तूशी समाजाचं नातं कसं आहे. त्यानंतर परिचय, मग शाल. मानपत्र मराठीतून लिहिलेलं आणि वाचणारी नारायणरावांची नात, जी हिंदीतून शिकलेली. ती प्रत्येक जोडाक्षराला थांबत होती आणि मराठी न येणारे साहेब मान डोलवत होते. मला हसू येत होतं आणि धास्तीही वाटत होती, कारण साहेबांनी मोबाइल काढून वेळ बघितली.

ते ह्यांच्या कानाशी झुकून काही बोलले. ह्यांनी नंतर मला सांगितलं की साहेबांना पुढे हाटपिपल्याला जायचं होतं, तिथेही अशीच एक शाळा होती. हे घाबरले. आता साहेब उठून गेले आणि नारायणरावांचं भाषण राहिलं, तर केवढा अपमान. म्हणून ह्यांनी क्रम बदलला आणि अध्यक्षीय भाषण आधी घेतलं. कमलचं नंतर बघू, असं ह्यांच्या मनात होतं.

नारायणराव उठले. थोरली पाती झाली, धाकटी पाती झाली, खापरपणजोबा झाले. शेवटी साहेबांना समजावं म्हणून ते हिंदीत आले. "यह वास्तू हमारे समाज की आत्मा है, साहब. हमारी इतनी ही प्रार्थना है कि यह वास्तू समाज के हाथ में रहे।" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हाताला पीठ होतं तरी. शाळेत मुलं असतात, हे कोणीच बोललं नव्हतं.

पण साहेब भला माणूस. त्यांनी स्वतः पुढे वाकून विचारलं, "पेरेंट्स में से किसी को कुछ कहना है?"

कमल उठली. साडी सावरली, चिऊला बाजूला केलं, चार पावलं पुढे आली. मागच्या बाया मान वर करून बघायला लागल्या. एकीने कडेवरच्या मुलाचं तोंड पदराने पुसलं.

आणि नारायणरावांनी ह्यांच्याकडे बघितलं. हळूच म्हणाले, पण माइक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "अशोकराव, अध्यक्षांनंतर भाषण? असं कुठे असतं का?"

आमच्यात नसतं. अध्यक्षांचं भाषण झालं की कोणी बोलत नाही, फक्त आभार. ही रीत लहान पोरालाही माहीत असते. ती कोणी केली, कशासाठी केली, मला ठाऊक नाही. ह्यांनी शेकडो कार्यक्रम चालवले, ही रीत कधी मोडली नाही. त्या क्षणी ह्यांच्या डोळ्यांपुढे शाळा नव्हती, कार्यक्रम होता.

"कमलबेन, आप बैठिए," हे माइकवरून म्हणाले, अगदी गोड आवाजात. "नाश्ते पर साहब से आराम से बात कर लेना।"

कमलने एकदा मागच्या बायांकडे बघितलं. मग मागे जाऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मोठ्या माणसांचं काही ठरलेलं असतं, आपल्याला कळत नाही, असं काहीतरी होतं. मी झारा हातात घेऊन दारात उभी होते. मला ओरडून सांगता आलं असतं, बोलू द्या तिला. मी घाणा करपेल म्हणून आत वळले.

आभार लांबले. नाश्त्याला साहेबांभोवती कोंडाळं झालं. कोणी फोटो काढतंय, कोणी आपल्या भाच्याच्या बदलीचं सांगतंय, नारायणरावांनी तर त्यांचं कोपर सोडलंच नाही. कमलच्या हातात कोणीतरी वड्याची बशी दिली. ती बशी धरून कोंडाळ्याच्या बाहेर फिरत राहिली, एकदा इकडून, एकदा तिकडून. इरावतीने, "सर, एक मिनिट, ये हमारी समिती की अध्यक्ष हैं," असं म्हटलंही, पण तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलतच गाडीत बसले. शाल अंगावर तशीच होती.

हे फार खूष होते. "काय झाला ना कार्यक्रम," असं रात्री दोनदा म्हणाले.

दिवाळीनंतर इरावती आली. ओसरीवर बसली नाही, उभ्यानेच म्हणाली, "काका, शाळा गेली."

हे पेपर वाचत होते. त्यांना आधी समजलंच नाही. मग तिने सांगितलं की नव्या शालेय वर्षापासून मुलं बायपासपलीकडच्या शाळेत जाणार आणि इमारत समाजाला वापरायला मिळणार. साहेबांनी वर कळवलं होतं की स्थानिक समाजाला या वास्तूबद्दल फार आस्था आहे, आणि पालकांनी काही हरकत घेतली नाही.

"हरकत घेतली नाही काय? कमलबेन उठली होती," हे म्हणाले. "सगळ्यांसमोर उठली होती ती."

"उठली होती, काका," इरावती म्हणाली. "बोलली नाही."

 संध्याकाळी नारायणरावांकडून पेढ्यांचा डबा आला. इतकी वर्षं समाजाला हॉल हवा होता, तो मिळाला होता. डबा घेऊन आलेल्या मुलाला मी म्हटलं, परत ने, आमच्याकडे कोणी गोड खात नाही. हे माझ्याकडे बघत होते.

ह्यांनी मग खूप धावाधाव केली, ते मी बघितलंय. भट्टीवरच्या मुलांचं सगळं सांगायला साहेबांच्या ऑफिसात गेले, मला बरोबर घेऊन. साहेबांनी आम्हाला ओळखलं, उठून उभे राहिले, चहा मागवला. सगळं ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"बाबूजी, यह बात उस दिन किसी ने कही क्यों नहीं?" ते म्हणाले. "मैंने तो पूछा था। आप लोगों ने भवन माँगा, तो मैंने आपके लिए भवन दिलवाया। आपने इतना सम्मान किया था मेरा।"

आदेश निघाला होता, मुलांची नावं तिकडे गेली होती, शिक्षकांच्या बदल्यांचे कागदही निघाले होते. आता काही होण्यासारखं नव्हतं. परतताना बसमध्ये ह्यांनी खिडकीकडे तोंड केलं. ह्यांना रडताना मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, ह्यांची आई गेली तेव्हा.

पुढच्या उन्हाळ्यात भवनाची रंगरंगोटी झाली. भिंतीवरची बाराखडी आणि फळांची चित्रं पांढऱ्या रंगाखाली गेली. झाडलोटीला बाई हवी होती. नारायणरावांनी मोठ्या मनाने कमलला ठेवलं. कंपनीतलं काम तिने सोडलं, कारण मुलीला घरी एकटी टाकायची नव्हती. जुलैत उद्घाटन ठरलं. सूत्रसंचालन अर्थात अशोकरावांचं.

त्या दिवशी सकाळी रांगोळी घालायला मी गेले, माइक बघायला हे आले. सोमवार होता. कमल मंच पुसत होती आणि आतल्या खोलीत, जिथे तिसरीचा वर्ग भरायचा, तिथे फरशीवर चिऊ बसली होती. चौथीत गेलेली. खडूच्या तुकड्याने फरशीवर बेरजा करत होती.

"काय गं चिऊ, आज स्कूल नाही का?" ह्यांनी विचारलं.

"है ना," ती म्हणाली. "पर वहाँ कौन ले जाएगा?"

ह्यांनी हातातली माइकची वायर खाली ठेवली. मग कमलपाशी गेले. मी रांगोळीचा डबा हातात धरून बघत होते.

"कमलबेन," हे म्हणाले, "उस दिन मैंने आपको बिठा दिया। बहुत बड़ी गलती हुई मुझसे।" आवाज माइकवरचा नव्हता, फुटका होता.

कमलने पोतेरं पिळलं. "जाने दो बाबूजी. तमारे यां को कायदो होगो कोई."

"नाही, कायदा नव्हता तो. काही नव्हतं." ह्यांना हिंदी सुचेना. मग म्हणाले, "चिऊ को मैं ले जाऊँगा। रोज। कल से स्कूटर पर छोड़ूँगा और ले आऊँगा।"

कमल उभी राहिली. ह्यांच्याकडे तिने पहिल्यांदाच सरळ बघितलं. "भगवान तमारो भलो करे," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "चिऊ ने तो तम लई जाओगा. वो भट्टा वाली छोरियाँ? वो तो म्हारा भरोसा पे आई थी. अब वां से निकलूँ तो उनकी माँ पूछे हे, कब से आनो हे इस्कूल. हूँ कई बोलूँ?"

 कमल उत्तरासाठी थांबली नाही. मंचाचा कोपरा राहिला होता, तो पुसायला ती खाली वाकली.

संध्याकाळी सूत्रसंचालन दुसऱ्या कोणी केलं. ह्यांना बरं नाही, असं मी जाऊन सांगितलं. नारायणरावांना वाईट वाटलं. त्यांना खरं कारण सांगावं असं मला फार वाटलं, पण ते अध्यक्षीय भाषणाची तयारी करत होते.

दुसऱ्या दिवसापासून हे चिऊला शाळेत सोडायला लागले. अजून सोडतात. ती मागे बसून अखंड बडबडते, हे हूं हूं करतात. बायपासकडे जाणारा सरळ रस्ता भट्टीवरून जातो. पहिल्या आठवड्यात तिथल्या मुली स्कूटरचा आवाज आला की विटांच्या मागून रस्त्यावर धावत यायच्या आणि बरोबरीने पळत म्हणायच्या, "बाबूजी, हमको भी." हे मला घरी येऊन सांगायचे, कोणती किती लहान आहे, कोण कसं हात पसरते. मग सांगायचं बंद झालं.

परवा मी चिऊला विचारलं, बाबूजी तुला हल्ली इतक्या लवकर का नेतात गं, शाळा तर तेव्हा उघडतही नसेल. ती म्हणाली, अब हम दूसरे रोड से जाते हैं, वो बहुत लंबा है, पर वहाँ कोई नहीं मिलता.